न आलेल्या गाडीचं तिकीट

आमच्या हॉल्टवर गाडी थांबायची ती एक मिनिट. त्या एका मिनिटावर माझं सगळं चाललं होतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणावर का भडकले ते कळेल. आईला अर्धांगाचा झटका येऊन ती अंथरुणाला खिळली होती आणि मी मडगावला नर्सिंग शिकत होते. घरात बाबा आणि मी, आणखी कोणी नाही. सकाळची पॅसेंजर पकडली की मी वेळेत वॉर्डात, संध्याकाळच्या पॅसेंजरने परत, आणि रात्री आईची कूस बदलायला तिच्याशेजारी. बसने जायचं तर पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून मडगाव. एवढ्या बस बदलून पोचेपर्यंत वॉर्डातली हजेरी कधीच होऊन गेलेली असायची. गाडी थांबली तर शिक्षण आणि आई दोन्ही. नाही थांबली तर दोघांतलं एकच.

गोवा राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. कोकणी की मराठी यावरून आमच्या पेडण्यात सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरी चवथीच्या गणपतीला जाणं सोडलं होतं. हॉल्टची पाटी आली तेव्हा तिच्यावरूनही डोकी फुटणार असं मला वाटलं होतं. पण पाटीवर देवनागरीत नुसतं गावाचं नाव. दोन्ही पक्षांनी ते आपलंच म्हणून वाचलं आणि गप्प बसले. बऱ्याच वर्षांनी गावाचं एकमत झालं ते एवढ्या एकाच बाबतीत.

रूळ जिथून गेला ते शेत काकीचं. ती नात्याने आमची कोणी नव्हती. शेजारीण, विधवा, मूलबाळ नाही, आणि गावात लहानथोर तिला काकीच म्हणत. मोजणीचे लोक आले तेव्हा त्यांनी तिला सांगितलं होतं की गाडी तुझ्या शेतातून जाणार आणि तुझ्या दारात थांबणार. बेळगाव-कोल्हापूरकडचे कामगार डोंगर फोडून रुळाला वाट काढत होते, तेव्हा ही त्यांना ताक नेऊन द्यायची आणि रोज विचारायची, "थांबतली मा रे गाडी?" ते म्हणायचे, "थांबल की आजी, न थांबून जातीय कुठं!" शेताचे पैसे मिळाले ते तिने घराच्या कौलांवर घातले. पैशांबद्दल तिने पुढे कधी अवाक्षर काढलं नाही. तिला काय ते थांबण्याचंच पडलेलं होतं.

हॉल्ट म्हणजे स्टेशन नव्हे. मास्तर नाही, हमाल नाही. एक लांब फलाट, दोन सिमेंटचे बाक आणि एका खिडकीची खोली. अशा ठिकाणी तिकिटं विकायला रेल्वे गावातलाच माणूस कमिशनवर नेमते. बाबांनी सगळी नोकरी डिचोलीकडे खाणीवर काढली होती, मुळगावला मावशीकडे राहून. मातीच्या ट्रकांच्या खेपा टिपायचं काम. अक्षर वळणदार आणि हात चोख. निवृत्त होऊन घरी बसले होते, त्यांना नेमलं. मोठ्या स्टेशनावरून स्वतःचे पैसे भरून पुठ्ठ्याच्या तिकिटांचा गठ्ठा आणायचा, घेणाऱ्याला तारखेचा शिक्का मारून द्यायचा आणि महिन्याच्या शेवटी तक्ता भरून पाठवायचा. तो तक्ता मी भरायची, कारण बाबांना संध्याकाळचं कमी दिसायचं.

पण तिकीट घेतो कोण? "गाडी जाता ती आमच्या शेतातून, आमका कसला तिकीट?" असं लोक तोंडावर म्हणायचे आणि बाबांच्या खिडकीसमोरून हसत हसत डब्यात चढायचे. आणि बाबा! खाणीवर मुकादमाला न घाबरणारा माणूस, गावकऱ्यांपुढे गोगलगाय. म्हणायचे, "उद्या ह्यांच्याच ओसरीवर आरतीला बसायचं, त्यांच्याकडे पैसे कसे मागू?" मी म्हणायचे, "तुम्ही मागा, नाहीतर मी मागते." "गप गो बाय," की संपलं. सकाळच्या गाडीत आमच्या गावची माणसं दारात लोंबकळत असायची आणि कागदावर आमचा हॉल्ट ओसाड. मला हे दिसत होतं. तक्त्यात रोजच्या रकान्यात दोन, तीन, एक असे आकडे मीच तर लिहीत होते.

मग व्हायचं तेच झालं. पत्र आलं. हा थांबा प्रायोगिक तत्त्वावर दिलेला आहे, येत्या सहा महिन्यांत तिकीटविक्री समाधानकारक न झाल्यास तो रद्द करण्यात येईल. बाबांनी ते माझ्या हातात दिलं आणि स्वतः अंगणात जाऊन उभे राहिले. मी ते आईच्या खाटेवर बसून वाचलं. आईला नीट बोलता येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला समजलं. चालत्या हाताने तिने माझं मनगट धरलं ते कितीतरी वेळ सोडलं नाही. मला भीती वाटलीच होती, आणि आईलाही वाटतेय हे बघून तर रडूच आलं.

रविवारी देवळाच्या मंडपात गाव जमला. तिथे बायकांनी बोलायची पद्धत नव्हती. मी बोलले. पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, "तुम्ही फुकट जाताय ते रेल्वेच्या जिवावर नाही, माझ्या जिवावर जाताय. माझ्या आईच्या जिवावर जाताय." एका म्हाताऱ्याने पान थुंकायचं निमित्त करून बाहेरची वाट धरली. मग खांबाला टेकून बसलेली काकी म्हणाली, "सप्त्याक पहारो लावतो मा? तसो गाडीक लावया."

आमच्याकडे श्रावणात देवळात भजनी सप्ताह असतो. सात दिवस अखंड भजन चालतं, टाळ थांबता कामा नये. म्हणून प्रत्येक घराला पहारा वाटून दिलेला असतो. घरात ताप असो, पाहुणे असोत, बाहेर पाऊस कोसळत असो, आपल्या वेळेला घरातल्या कुणीतरी जाऊन टाळ धरायचाच. पहारा चुकला की ते घर पुढची सात वर्षं ऐकून घेतं. काकीचं म्हणणं असं की जे गाडीने जातात त्यांनी मुकाट्याने तिकीट घ्यावं, आणि शिवाय रोज एका घराने मडगावची दोन तिकिटं काढावीत, जायचं असो वा नसो. सगळ्यांच्या माना डोलल्या. "गाव करी ते राव न करी," बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी घरी येताना ते कितीतरी दिवसांनी गुणगुणत होते.

चाललं हो! पाच महिने चाललं. कुणी तिकिटं काढलीच आहेत तर जाऊन येऊ म्हणून खरोखर मडगाव बघून आले. वरच्या वाड्यावरचं एक जोडपं लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा दोघंच कुठेतरी गेलं आणि येताना एक बाल्दी घेऊन आलं. काकीचा पहारा असला की ती तिकिटं कमरेला खोचून गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभी राहायची. मी दारातून चिडवायचे, "काकी, तिकीट काढलंस तर चढ ना गो! मडगाव काय तुला खातंय?" ती म्हणायची, "माका कित्याक मडगाव? गाडी थांबली, पावला." ती त्या गाडीत एकदाही बसली नाही. तक्त्यातले आकडे वाढले आणि माझं पहिलं वर्ष पार पडलं. मी आईला सांगितलं की आता काही भीती नाही.

श्रावणात एके सकाळी दरड कोसळली. गावापासून थोड्या अंतरावर, डोंगर फोडून काढलेल्या त्याच वाटेत. आज गाडी नाही असा बाबांना निरोप आला. मी पांढरी साडी नेसून तयार. बाबा मला स्कूटरवरून बसपर्यंत सोडणार होते. खिडकीला कुलूप लावायला ते खोलीत गेले आणि समोरून काकी आली, डोक्यावर इरलं, हातात सुटे पैसे बांधलेला फडका.

"दोन मडगाव," ती म्हणाली.

"काकी, आज गाडी नाय. दरड पडल्या."

"गाडी आपला काय ता बघतली. आज माजो पहारो आसा."

"उद्या घे गो."

"उद्या दुसऱ्याचो. माजो आज."

बाबा घुटमळले. त्यांना कळत होतं की न आलेल्या गाडीचं तिकीट विकता येत नाही. खाणीवर त्यांनी न आलेल्या ट्रकाची खेप कधी टिपली नव्हती. पण काकी खिडकीसमोर पाय रोवून उभी, इरल्यावरून पाणी ठिबकतंय, आणि चेहऱ्यावर देवळात आल्यासारखा भाव. माझी बस चुकत होती. मी म्हटलं, "द्या हो बाबा! दोन तिकिटांनी काय आभाळ कोसळतंय? देऊन टाका आणि चला."

बाबांनी शिक्का मारला. महिन्याच्या शेवटी मी माझ्या सुंदर अक्षरात त्या तारखेपुढे दोन लिहिले. लिहिताना आठवण आली होती की त्या दिवशी गाडी नव्हती. पण जे विकलं ते लिहायचं, अशी बाबांची शिस्त होती.

सहा महिने भरले तसे तपासनीस आले. मध्यमवयीन, कोल्हापूरकडचे, बोलायला मऊ. बाबांनी त्यांच्यासाठी घरातलं कदेल, म्हणजे आमची एकुलती खुर्ची, आणून बाकाजवळ ठेवलं, मी चहा करून आणला. त्यांनी तक्ते बघितले आणि खूष झाले. म्हणाले, "काका, लई झ्याक वाढलीय विक्री." मला वाटलं सुटलो. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला, दोन्ही शेजारी धरले.

"ह्या दिवशी गाडी कुठं आली हुती, काका?"

बाबांना खोटं बोलायचं असतं तर बोलता आलं असतं. तारीख चुकली म्हणायचं, संपलं. त्यांनी सगळं सांगितलं. पहारा, घरांची पाळी, काकीचा हट्ट, सगळं. फक्त "देऊन टाका" कोण म्हणालं, तेवढं सांगितलं नाही.

तपासनीसांनी दोन्ही कागद मिटले. मग म्हणाले, "म्हंजे हे प्रवासी न्हवंत. ही वर्गणी झाली."

"वर्गणी पण आम्हीच देतो आणि प्रवास पण आम्हीच करतो, साहेब. सकाळी येऊन बघा," बाबा म्हणाले.

"मला दिसतंय ओ. पण मी लिहू काय? एक दिवस खोटा निघाला की वरचे लोक समदे दिवस खोटे धरत्यात."

बाबा तेव्हा जे बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं, कारण इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "साहेब, आमच्या देवळात नंदादीप आहे. दर्शनाला किती माणसं आली ते मोजून आम्ही त्यात तेल घालत नाही. कुणा पूर्वजाने तेलासाठी एक शेत देवाच्या नावाने लावून ठेवलंय. त्या शेताच्या भातावर दिवा जळतो. देवळात माणूस असो, नसो. म्हणून तर अवेळी आलेल्यालाही देव दिसतो. ह्या गाडीला असं शेत कुणी का लावून ठेवलं नाही?"

"तेच तर दुखणं हाय," तपासनीस म्हणाले. "रूळ टाकायचा म्हंजे कर्जरोखे काढून पैसा उभा केला. तो फेडायचाय, म्हणून लांबच्या गाड्या आन मालगाड्या पयल्या. पण असली बारकी गाडी रोजच्या रोज चालवायची तिच्यात तेल कुणी घालायचं, हे कुणीच लिहून ठेवलं न्हाई. दिल्ली म्हणती राज्यानं द्यावं, राज्य म्हणतंय दिल्लीनं. दर साली नव्यानं हात पसरायचा. मिळालं तर चालू." त्यांनी चहा अर्धाच प्यायला. जाताना बाबांना हात जोडून गेले.

मला त्या माणसाचा राग येत नाही. खूप वर्षं ज्या त्या माणसाला मी ही हकीगत रागाने सांगत आले, पण ते दोघे त्या फलाटावर एकच गोष्ट बोलत होते आणि दोघांच्याही हातात काही नव्हतं. गरीब घरांनी पाळी लावून तिकिटं काढायची आणि त्यावर सरकारी गाडी थांबायची, हे मुळातच उफराटं होतं. आम्हाला मात्र त्याचा अभिमान वाटत होता.

महिन्याभरात थांबा रद्द झाला. खोलीला रेल्वेचं कुलूप लागलं, पाटी तेवढी राहिली. त्या संध्याकाळी मी बाबांना नको नको ते बोलले. "एका म्हातारीला नाही म्हणायला जमलं नाही तुम्हाला! आयुष्यभर सगळ्यांना हो म्हणत राहिलात!" बाबा भाताचा घास हातात धरून ऐकत राहिले. "देऊन टाका" कुणाचे शब्द, ते त्यांना आठवत होतं आणि मलाही. त्यांनी ते तेव्हाही बोलून दाखवलं नाही आणि पुढे मरेपर्यंत नाही. एकदा जरी बोलले असते तरी मला बरं वाटलं असतं.

मग हॉस्टेल. पेडण्याच्या स्टेशनावरून रोज संध्याकाळी आणायला बाबांना दिसत नव्हतं आणि भाड्याच्या मोटरसायकलीला रोजचे पैसे नव्हते. मला जायचं नव्हतं, पण आईने तिच्या चालत्या हाताने दाराकडे बोट केलं, जा. दोन, तीन वेळा केलं. मी काकीला शिकवलं, आईची कूस कशी बदलायची, उशी पाठीला कुठे लावायची, कुठे लाल दिसलं तर बाबांना सांगायचं. तिने ते एकदाच बघितलं. त्यानंतर एक दुपार तिने चुकवली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एके दुपारी वॉर्डात फोन आला. बाबा होते. "आईचं लक्षण काही बरं दिसत नाही गो. ये." मी म्हटलं, संध्याकाळच्या पॅसेंजरने निघते, पेडण्याच्या स्टेशनावर उतरून मागे येते. ती गाडी आमचं गाव ओलांडूनच पेडण्याला जायची. गाडीत बसायला जागा होती, पण मी दाराशी उभी राहिले. ऊन अजून होतं. दरडीचा डोंगर गेला, काकीच्या शेताचा उरलेला तुकडा आला आणि मग आमचा फलाट.

फलाटावर काकी एकटी उभी होती. अगदी कडेला. उजवा हात उंच केलेला आणि बोटांत पुठ्ठ्याचे दोन तुकडे. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर इंजिनावर होती. मला त्या क्षणी कळलं ती कसली तिकिटं आहेत. मी ओरडले, "काकी!" इंजिनाने लांब शिट्टी दिली. काकी गेली, बाक गेला, पाटी गेली. उडी मारावीशी वाटली. मारली नाही. उडी मारलेल्यांचं काय होतं ते मी वॉर्डात बघत होते.

पेडण्याला उतरून भाड्याच्या मोटरसायकलवाल्या पायलटच्या मागे बसले. अर्धा तास लागला. अंगणात चपला बघितल्या आणि समजले. बाबा दारात आले. म्हणाले, "आत्ताच गो बाय. गाडीची शिट्टी ऐकली तिने. दाराकडे बघितलं. तू यायची ना शिट्टीनंतर पाच मिनिटांत, तशी बघत राहिली. मग गेली."

काकी आत आईच्या पायांशी बसली होती. मूठ अजून आवळलेली. मला बघून तिने ती उघडली. शिक्क्याची शाई घामाने पसरली होती, पण तारीख वाचता येत होती.

"दोन्ही दाखयलंय गो," ती म्हणाली. "त्या दिसाची गाडी आमका येवची रवली होती. म्हटलंय आज तरी थांबतली. ड्रायव्हरान बघल्यान नाय."

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "काकी, ती तिकिटं त्या दिवशी बाबा देत नव्हते. देऊन टाका म्हणून मीच सांगितलं."

"माका म्हायत आसा," काकी म्हणाली. "मी थंयच होतंय मा उभी. म्हणान तर ती जपून ठेवलंय, तुज्यासाठी."